पाल्य सुपुर्द करण्याची नऊ पानं

आमच्या आदिलाबादच्या घरात माझा टूथब्रश नव्हता. तो बॅगेत असायचा. दाढीचं सामान बॅगेत, चपला बॅगेत, ब्लडप्रेशरच्या गोळ्या बॅगेत, आणि मी त्या बॅगेच्या मागे. महिन्यातले पंचवीस-सव्वीस दिवस रायपूर, इंदूर, कोइमतूर अशा गावांत जायचे आणि उरलेले चार घरी. त्यांतला एक कपडे धुवायला टाकण्यात जाई आणि एक ते वाळले का हे बघण्यात. मुलगी साक्षी अडीच वर्षांची असताना मला दारात बघून आत पळत गेली होती आणि म्हणाली होती, "आई, बॅगवाले आले." (बायको हसली. मीही हसलो. चारचौघांत दुसरं काय करणार?)

मी सल्लागार होतो, हैदराबादच्या एका कंपनीत. तेव्हा आंध्र प्रदेश एकच होता, त्यामुळे निदान ऑफिस आपल्याच राज्यात आहे एवढं समाधान होतं. काम असं, की लोकांच्या कारखान्यात जायचं, ते वीस वर्षं जे करताहेत त्यात काय चुकतंय हे त्यांनाच विचारून घ्यायचं, आणि तेच जाड अहवालात लिहून त्यांना परत द्यायचं. मग टाळ्या होत, जेवण होई, आणि माझी गाडी स्टेशनातून हलली की ते लोक पुन्हा आपल्या जुन्या पद्धतीला लागत. कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात माझा अहवाल मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली. बारा वर्षांत मी बसवून दिलेली एकही पद्धत कुठं टिकली नव्हती. याचं मला वाईट वाटायचं. चांगलंच वाटायचं वाईट, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

साक्षी पहिलीत गेली त्या वर्षी शाळेत पालकसभा होती आणि चुकून मी घरी होतो. मुख्याध्यापिका मॅडम तेलुगू होत्या, पालकांशी हिंदीत बोलायच्या. त्या म्हणाल्या, की शाळा सुटताना फाटकावर फार गर्दी होते, परवा एक पोरगं भलत्याच ऑटोत बसून गेलं, तासभरानं सापडलं. तेव्हा कुणाला काही सुचत असेल तर सांगा. आता मला सांगा, ज्याचा सल्ला बारा वर्षं कुणी ऐकला नाही त्याच्यासमोर असं वाक्य टाकावं? माझा हात आपोआप वर गेला.

"बसा ना गुमान," सुनंदानं, म्हणजे बायकोनं, माझा शर्ट खाली ओढला. "दोन दिवसासाठी तं आले घरी."

ते दोन्ही दिवस मी जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत होतो. साक्षी कॅरमच्या सोंगट्या घेऊन तीन वेळा येऊन उभी राहिली. "बाबा, खेळतो का?" मी म्हणालो, "थांब बेटा, तुझ्याच सुरक्षेचं काम चाललंय." ती सोंगट्या डब्यात भरून गेली. (हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. आता रोज दिसतं.)

नऊ पानं झाली, हिंदीत, बाणांच्या आकृतीसकट. पाल्य शाळेतून कुणाच्या सुपुर्द करावं, त्याची पद्धत. फोटोवालं कार्ड असल्याशिवाय मूल सोडू नये. ओळखीचा चेहरा हा पुरावा धरू नये. मुलाच्या सांगण्यावर विसंबू नये, कारण मूल कुणालाही काका म्हणतं. कार्ड नसेल तर नोंदवलेल्या नंबरवर पालकांना फोन करावा; मात्र मूल मागणारा आणि फोनवर होकार देणारा ही एकच व्यक्ती नसावी. या शेवटच्या नियमावर मी फार खूश होतो. मागणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मॅडमनी नऊच्या नऊ पानं वाचली, वर दोन शंकाही विचारल्या. मी तरंगतच कोइमतूरला गेलो.

कार्डासाठी फोटो मागितले तेव्हा मी अर्थातच गावात नव्हतो. सुनंदानं एक स्वतःचा दिला आणि एक तिच्या मोठ्या भावाचा. हे दिलीपराव. कोर्टासमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान. सुनंदा बाजारहत्नूरला शिक्षिका, तिची बस संध्याकाळी परत येणार. म्हणून साक्षीला रोज शाळेतून आणायचं काम मामाचं. वडिलांच्या फोटोच्या चौकटीत सुनंदानं लिहिलं, "फिरतीवर."

त्या हिवाळ्यात एकदा साक्षीनं फोनवर विचारलं, "बाबा, तू मले शाळेतून घ्याले कवा येशील?"

"काऊन गं, मामा येतो ना?"

"वैष्णवी म्हणते मले बाबाच नाही. म्हणते मी मामालेच बाबा समजून राह्यली. तू एकदाच ये. तिनं पायलं की झालं."

मी कबूल केलं. पहिल्यांदा इंदूरची मीटिंग दोन दिवस लांबली. दुसऱ्यांदा रायपूरच्या कारखान्यातला कॉम्प्युटर ऐन वेळी बसला आणि मला त्याच्याजवळ बसावं लागलं. दोन्ही वेळा तिनं आदल्या दिवशी वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिसऱ्यांदा मी तारीख दिली तेव्हा ती म्हणाली, "नाही जमलं तं राहू द्या." आजवर ती मला अरे-तुरे करायची. त्या दिवशी तिनं मला, बाहेरच्या माणसाला म्हणावं तसं, "द्या" म्हटलं. मी साहेबांना मला ताप आलाय म्हणून सांगितलं आणि नागपूरवरून बस धरली.

पैनगंगेचा पूल सकाळीच ओलांडला. घरी पोचलो तेव्हा सुनंदा बाजारहत्नूरच्या बससाठी निघालीच होती. "दादाकडून कार्ड घेऊन घेजा," ती चप्पल घालता घालता म्हणाली.

"माझ्या पोरीला आणायला मला कार्ड लागतं?"

"तुमीच तं लिवलं ते."

"ते बाकीच्यांसाठी."

ती बससाठी निघून गेली. सात वर्षांत तिला एवढं कळलं होतं, की ज्याला सल्ला द्यायची सवय असते त्याला सल्ला देऊन उपयोग नसतो.

दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसले आणि शाळा सुटायच्या अर्धा तास आधी फाटकावर जाऊन उभा राहिलो. बेल झाली. पोरं वर्गावर्गानं जाळीच्या आत रांगेत आली. साक्षीनं मला पाहिलं. ती दोन वेण्यांच्या एका पोरीला, ती वैष्णवीच असणार, कोपरानं ढोसून म्हणाली, "हे पाय, माझे बाबा." आणि दप्तर सांभाळत फाटकाकडे निघाली. तेवढ्यात पोचन्ना नावाच्या शिपायानं फाटकाच्या फटीत काठी आडवी धरली.

"कार्ड बताव साब."

"कार्ड नहीं है. मैं बाप हूं."

"हौ साब," पोचन्ना अगदी आदरानं म्हणाला. "कार्ड?"

साक्षी जाळी धरून म्हणाली, "पोचन्नाकाका, ये मेरे बाबा है."

पोचन्ना मला म्हणाला, "बच्चे का बोलना नई लेना साब. रूल है."

मी म्हटलं मॅडमना बोलवा. मॅडम आल्या. त्यांच्या हातात माझी नऊ पानं होती! प्लॅस्टिकच्या फाइलीत, कोपरे मळलेले, समासात पेन्सिलीच्या खुणा. मी लिहिलेलं कुणी इतकं हाताळलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. खोटं कशाला सांगू, पोरगी आत अडकलेली असताना मला क्षणभर आनंद झाला.

"मॅडम, आप तो मुझे पहचानती हैं. ये मैंने ही लिखा है."

"बिलकुल पहचानती हूं सर. लेकिन तीन नंबर देखिए." त्यांनी पान माझ्यासमोर धरलं. ओळखीचा चेहरा हा पुरावा धरू नये. वाक्यरचना माझीच होती.

"तो फिर फोन कीजिए पालक को," मी म्हणालो. सुनंदाचा फोन बाजारहत्नूरला लागत नसे. मॅडमनी वडिलांच्या रकान्यातला नंबर लावला, आणि माझ्या खिशात फोन वाजला.

काय करणार? मी उचलला. मॅडम तीन फुटांवरून फोनमध्ये म्हणाल्या, "साक्षी के फादर बोल रहे हैं? आपकी बेटी को लेने एक आदमी आए हैं. भेज दूं?"

"हां, हां, भेज दीजिए. मैं ही हूं."

"आप ही हैं?"

"हां, मैं ही हूं!"

त्यांनी फोन ठेवला, पान उलटलं आणि अत्यंत वाईट वाटून म्हणाल्या, "सर, मांगनेवाला और मंजूर करनेवाला एक नहीं होना. आपने ही लाल में लिखा है."

मी चिडलो. असले नियम कोण करतं म्हणून आवाज चढवला. मग आठवलं कोण करतं, आणि गप्प झालो. मॅडमनी दिलीपरावांना फोन लावला आणि पोचन्नानं मला बाकाकडे नेलं. बाहेरच्या व्यक्तींसाठी फाटकाबाहेर सावलीत एक बाक असावा, हेही पान सातवर मीच सुचवलं होतं. बाक चांगला होता. नवाच घेतलेला.

त्या बाकावर मी वीस मिनिटं बसलो. एकेक बाप येत होता, कार्ड दाखवत होता, पोर घेऊन जात होता. साक्षी जाळी सोडून हलली नाही. वैष्णवीचा बाप उशिरा आला, म्हणून वैष्णवीही तिथंच उभी होती आणि मला टक लावून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग स्कूटरवरून दिलीपराव आले. पोचन्नानं त्यांना कार्ड न बघताच सलाम केला. (हा पद्धतीचा भंग होता. मी तोंडावर आलेलं गिळलं.)

"काय पाहुणे, इथं काऊन बसले?" दिलीपराव म्हणाले.

मी म्हटलं, "सहज."

त्यांनी कार्ड काढलं, रजिस्टरात सही केली. मॅडमनी आत आवाज दिला, "साक्षी, चलो, तुम्हारे घर से आ गए." वैष्णवी साक्षीला म्हणाली, "मामाच आला ना शेवटी." साक्षीनं दप्तराचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला. एवढ्यासाठी तिनं सगळ्या वर्गाला दोनदा सांगून ठेवलं होतं. मॅडमनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, की कार्ड नसलेले एक इसम आले होते, त्यांना बाकावर बसवण्यात आलं.

स्कूटरवर पुढे मामा, मध्ये साक्षी, मागे मी. तिनं मामाला धरलं होतं. मी तिचं दप्तर धरलं होतं. चष्म्याखाली मी बोट फिरवलं ते तिला आरशात दिसलं असावं. ती मान वळवून म्हणाली, "रडू नका बाबा. शाळेत पयल्या दिवशी सगळ्याइले असंच होते."

दुसऱ्या दिवशी मी माझा फोटो घेऊन शाळेत गेलो. तिथं कळलं, की यादीत नवं नाव घालायचं असेल तर आधीच्या अधिकृत व्यक्तीची लेखी शिफारस लागते. पान आठ. सुनंदा बाजारहत्नूरला गेलेली, म्हणून मी कोर्टासमोरच्या दुकानात गेलो. दिलीपरावांनी गिऱ्हाइकाचं झेरॉक्स थांबवून लिहून दिलं: "सदर इसमास मी सात वर्षांपासून ओळखतो. ते मुलीचे वडील असून अधूनमधून गावी येत असतात. वागणूक बरी आहे." मी दोनदा वाचलं. सल्लागाराच्या नजरेनं वाचलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर मी आणखी कितीतरी कारखान्यांत पद्धती बसवल्या. एकही टिकली नाही. शाळेतली तेवढी टिकली. ऐकतो की अजून चालू आहे. कार्डही मला मिळालं. त्याच रात्रीच्या गाडीनं मला रायपूरला जायचं होतं, म्हणून ते मी बॅगेत टूथब्रशच्या कप्प्यात ठेवलं. साक्षी आता स्वतःच्या स्कूटीवर कॉलेजला जाते. कार्ड अजून त्याच कप्प्यात आहे, अगदी नव्यासारखं. एकदाही वापरलेलं नाही.