सुभेदार आणि किटलीवाले सभासद

कुत्र्याची सात पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ असणारा, पण स्वतःच्या सख्ख्या साडूचं नाव आठवायला बायकोला हाक मारणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या आत्याचे यजमान. आम्ही सगळी भाचरं त्यांना मामा म्हणायचो. येरमाळ्यापासून दोन कोसांवरच्या त्यांच्या गावात दूध सोसायटीचं संकलन केंद्र होतं. तिथले सचिव, माप घेणारे, झाडलोट करणारे आणि रेडिओची बटणं पिळणारे असे सगळे मिळून मामा एकटेच. मी कळंबला शाळेत नोकरीला होतो, त्यामुळे रविवारी एसटीनं आत्याकडं जेवायला जाणं ठरलेलं असे. गेल्या गेल्या मामा माझी खुशाली कधी विचारत नसत. "काय रं, आज सुभेदारांची तब्येत कशी दिसतीया तुला?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

सुभेदार म्हणजे त्यांचा कुत्रा. वासराएवढा, पिवळट अंगाचा, काळ्या तोंडाचा, आणि गाल इतके लोंबते की त्यातून सदानकदा लाळ गळायची. बदली होऊन गेलेल्या एका जनावरांच्या डॉक्टरसाहेबांनी पिल्लू असताना तो मामांच्या ओटीत घातला आणि सोबत एक इंग्रजी कागद दिला. गावातल्या मास्तरांनी तो वाचून दाखवला. मास्टिफ ही राखणीची फार जुनी जात. थंड मुलखात वाढलेली. तीन वर्षांनी पुरती वयात येते. उगाच भुंकत नाही. परक्याला चावण्याआधी आडवी उभी राहून अडवते. आणि तिला ऊन सोसत नाही. कागदात होतं ते एवढंच. पुढचं सगळं मामांनी घातलं. ही मंडळी मूळची हिमालयापल्याडची, लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर खाली उतरली, त्यातलं एक घराणं हैदराबादेत निजामाच्या देवडीवर राहिलं, आणि त्याची धाकटी पाती नळदुर्गच्या किल्ल्यावर पहाऱ्याला आली. मास्तर एकदा न राहवून म्हणाले, "सचिव, कागदात नळदुर्ग कुठं आहे?" मामा शांतपणे म्हणाले, "कागद लहान हाय, मास्तर."

मामा जगाला अरे-तुरे करायचे. सरपंचाला, आमदाराच्या ड्रायव्हरला, आत्याला तर अर्थातच. सुभेदारांना मात्र अहो-जाहो. "उठा सुभेदार, भाकरी खाऊन घ्या," असं म्हणत ते ताक-भाकरी कालवून पुढं ठेवायचे आणि ती संपेपर्यंत स्वतः ताटावर बसायचे नाहीत. आत्या चुलीपुढून म्हणायची, "आमच्या लग्नाला तीस वर्सं झाली, आमाला कुनी उठा म्हनलं न्हाय." मामा म्हणायचे, "तू नळदुर्गची हायस व्हय?" टंचाईच्या दिवसांत मामा अंघोळीला दगडावर बसत आणि सुभेदारांना दगडाखाली उताराला निजवत, म्हणजे एका बादलीत दोघांचं भागे. साबण आधी मामांना लागे की सुभेदारांना, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

पण मामांचा खरा अभिमान वेगळा होता. सुभेदारांना सोसायटीचे पोटनियम कळतात, असं ते छातीठोक सांगत. त्यांनी स्वतःच शिकवलं होतं. ज्याच्या हातात दुधाची किटली, तो सभासद. माणूस आला की सुभेदार दारात आडवे होत, त्यानं किटली खाली धरायची, सुभेदार झाकण हुंगत, आतून मामा ओरडत, "सोडा सुभेदार, सभासद हाय!" आणि मग वाट मोकळी व्हायची. किटली नसेल तर सरपंच असो की मामांचा साडू, बाहेर उभं राहायचं. साडू तर एकदा तास-दीड तास उन्हात राहिले, कारण मामांना हाक मारून सोडवायला त्यांचं नावच आठवेना. उलट एकदा कुणी अनोळखी माणूस रिकामी किटली घेऊन आत शिरला आणि मामांची नवी छत्री काखेत मारून निघाला, तर सुभेदार त्याला वेशीपर्यंत पोचवून आले. मामा त्या दिवशी जेवले नाहीत, पण कुत्र्याला बोल लावू देईनात. "त्यांची काय चूक? किटली व्हती ना हातात?"

बहात्तरच्या दुष्काळातून उठलेल्या त्या भागाला पुढं दहा-बारा वर्षांनी पुन्हा कोरडी सालं लागली. विहिरी तळाला गेल्या, गुरं छावणीवर गेली, दूध आटलं. तालुक्याहून पत्र आलं की पाहणी होईल, आणि दूध इतकंच असेल तर केंद्र बंद करून शेजारच्या गावाला जोडलं जाईल. मामांचं तोंड उतरलं. नोकरीचं त्यांना फार नव्हतं, ते सुभेदारांच्या काळजीनं. आत्याचं घर पत्र्याचं, वैशाखात त्याची भट्टी व्हायची. सुभेदार उन्हाळा काढायचे तो केंद्रातल्या फरशीवर, कॅन गार ठेवायच्या हौदाच्या कोपऱ्यात. केंद्राला कुलूप लागलं तर सुभेदार तो वैशाख पाहणार नाहीत, हे मामांना कळत होतं आणि आम्हालाही.

पाहणीचे साहेब आले तेव्हा मी सुट्टीत तिथंच होतो. ते रुबाबात पायरी चढले आणि सुभेदार आडवे झाले. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. नुसता एक पंजा साहेबांच्या बुटावर. साहेब पांढरे पडले. मामा आतून म्हणाले, "साहेब, हातात किटली घे, त्याबिगर इलाज न्हाय." शेवटी आत्यानं घरची किटली आणून दिली, सुभेदारांनी हुंगली, आणि तालुक्याचा साहेब रिकामी किटली सांभाळत आत आला. तेवढ्यात दाराशी रांग लागली. तीस-चाळीस माणसं, प्रत्येकाच्या हातात किटली. साहेब खूश झाले. "दूध बरंच दिसतंय की तुमच्याकडं!"

मामांनी नुसतं गप्प बसायचं होतं. मी मनात म्हणत होतो, मामा, एवढं एकदा गप्प बसा. सुभेदारांनी दारातून मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. मामांनी रांगेतल्या पहिल्या किटलीचं झाकण काढलं, मग दुसरीचं, तिसरीचं.

"साहेब, रिकाम्या हायत. हितं लिंबाची सावली हाय, रेडिओ हाय, चार मान्सं भेटत्यात. पन किटली नसली तर हे आत सोडीत न्हाईत, म्हनून आनत्यात."

साहेबांनी पुढच्या किटलीचं झाकण स्वतः उघडून पाहिलं. मग म्हणाले, "केंद्र बंदच करावं लागेल." मामांनी मान हलवली. "ह्यांचं काय?" साहेबांनी सुभेदारांकडं बोट केलं. "त्यांचा उन्हाळा ह्याच फरशीवर निघतो, साहेब," मामा म्हणाले. साहेबांनी किटली खाली ठेवली. "दूध घेणं आजपासून बंद. किल्ली मात्र पावसाळ्यापर्यंत तुमच्याकडंच राहू द्या. इमारतीला राखणदार लागतोच."

तो सगळा वैशाख दूध नसलेल्या केंद्रात गाव सकाळी रिकाम्या किटल्या घेऊन येत राहिलं. सुभेदारांना कुणी काही कळू दिलं नाही. पुढं पाऊसपाणी झालं, गुरं परतली, केंद्र पुन्हा सुरू झालं. सुभेदारांनी तेही पाहिलं आणि थंडी पडल्यावर एका सकाळी ते उठले नाहीत. आत्या मला म्हणाली, "त्यांच्या मुलखासारखी हवा सुटली, मग गेले." तिनंही त्यांना तेव्हा पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. मला फार वाईट वाटलं, आणि कुत्र्यासाठी इतकं वाईट वाटावं याचं नवलही वाटलं.

महिन्याभरानं मी गेलो तर आत्यानं नेहमीसारखी किटली हातात दिली. आता कशाला, असं मी विचारलं नाही. केंद्राच्या दारात कुणी नव्हतं. माझ्यापुढचा माणूस पायरीवर थांबला, किटली जराशी खाली धरली, आणि मग आत गेला. मीही पायरीवर थांबून किटली खाली धरली. आत मामा पाठमोरे माप घेत होते. माझी चाहूल लागली तशी त्यांनी मागं न बघताच हाक दिली, "सोडा सुभेदार, घरचंच हाय."

बोलून झाल्यावर मामांचा हात मापावरच राहिला. मी किटली उचलली आणि आत गेलो.