खिडक्या लावून तापवलेलं पाणी

पुण्याच्या हवेची काळजी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकी कुणालाच नाही. नारायण पेठेतल्या नारायण पेठेत भाजीला निघाले तरी नाकाला उपरणं. स्वारगेटला जायचं म्हटलं की वरून मफलर. एखादी रिक्षा धूर सोडत आली की तिला थांबवून विचारणार, "अहो, हे फुकट वाटताय की मीटरमध्ये धरलंय?" एवढं करून घरी आले की बाहेरची घाण आत नको म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट लावायच्या. सकाळी तर त्या उघडायच्याच नाहीत, कारण तेव्हा बंद गॅलरीत काकांचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब पेटलेला असे आणि वाऱ्याने त्याची आच कमी होते, असं त्यांचं म्हणणं.

गिझर म्हणजे काकांना पोरखेळ. "गिझरचं पाणी नुसतं गरम होतं. बंबाचं तापतं!" देवळातल्या करवंट्या, फळवाल्याची मोडकी खोकी, मांडवाचे बांबू, कशाकडेही ते जळण म्हणूनच पाहत. माझं नवं टेबल बघायला आले, तेव्हा त्यावर टकटक करून म्हणाले, "सागवान दिसतंय. मोडलं की सांगा." काकू खोकत खोकत चहा गाळायच्या आणि काका रस्त्याकडे बोट दाखवायचे, "बघा, खिडकी लावली तरी आत येतंच!"

या हिवाळ्यात मात्र काकूंना जिना चढवेना. हसायला गेल्या की हसू अर्ध्यावरच खोकल्यात बुडायचं, आणि काकूंच्या हसण्यावर तर आमची अख्खी इमारत जगते. मला भीतीच वाटायला लागली. शेवटी काका आणि मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. छाती तपासून बाईंनी विचारलं, "घरात विडी-सिगारेट कोण ओढतं?"

काका ताडकन उठले. "आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा कुणी..."

"आमचा बंब ओढतो," काकू म्हणाल्या. "रोज सकाळी. खिडक्या लावून."

"रस्त्यावरचा धूर निदान वाऱ्याने पांगतो," बाई काकांना म्हणाल्या. "तुम्ही घरातला कोंडून ठेवलात. तोच यांना बाधलाय."

घरी पोचल्यावर काकांनी आधी सगळ्या खिडक्या उघडल्या.

आता चिंचेने लख्ख घासलेला बंब दिवाणखान्यात पाहुण्यासारखा उभा आहे. गिझरच्या पाण्याने अंघोळ करून काका "शिळं पाणी!" असं पुटपुटत बाहेर येतात. खोटं कशाला बोलू, जळत्या करवंट्यांचा तो वास सकाळी मलाही आठवतो. काकूंची धाप पुरती गेलेली नाही; थोडी राहीलही, असं बाई म्हणतात. पण परवा बंब घासता घासता काका त्यात बघून मिशी सारखी करायला लागले, तेव्हा काकूंना हसू फुटलं आणि ते न खोकता शेवटपर्यंत गेलं. काका हातातलं फडकं तसंच धरून ऐकत राहिले.