सातबारा बघायला आलेले चार देश

सरकारी कचेरीत दोन गोष्टी कुणी न मागता साचतात: धूळ आणि किस्से. धुळीनं मला दमा दिला. किस्से मात्र फुकटचे, आणि रिटायर झाल्यावर चार मित्र चहाला बसले की एकाच्या शेपटाला धरून दुसरा बाहेर येतोच. तालुक्याचं नाव विचारू नका. नगर जिल्ह्यातली एक तहसील कचेरी आणि नव्वदचं दशक, एवढ्यावर भागवून घ्या.

*

मी रेकॉर्ड रूमचा कारकून. छतापर्यंत जुने गठ्ठे, आणि दर हिवाळ्यात मला दम्याचा झटका ठरलेला. मग सातबारे, म्हणजे जमिनीचे उतारे, कॉम्प्युटरवर चढवायची टूम निघाली आणि ट्रायल म्हणून एक मशीन आमच्याकडे आलं. मशीनला धूळ चालत नाही म्हणून त्याला एसी खोली, आणि टायपिंग येतं म्हणून आत मी!

पहिल्या आठवड्यातच खोकला थांबला. बायको म्हणाली, "डॉक्टरला इतक्या वर्षांत जमलं नाही ते त्या डब्यानं केलं. त्याला माझ्याकडून नारळ फोडा."

फोडला. पण खोलीच्या बाहेर! आत पाण्याचा थेंब न्यायचा नाही, अशी आमच्या तहसीलदार रावसाहेबांची ऑर्डर होती.

*

शेख भाऊसाहेब आमचे तलाठी. निम्मी हयात तलाठीपणात गेलेली, माणूस सोन्यासारखा. त्यांच्या गावाचे सातबारे मी फ्लॉप्यांवर उतरवले आणि त्यांच्या हातात देऊन म्हटलं, "हे आता तुमचं दप्तर. जपा."

महिन्याभरानं फ्लॉप्या परत मागवल्या, तर लाल कापडाचा बस्ता आला, तीन गाठी मारलेला. सोडून बघतो तर दर दोन फ्लॉप्यांच्या मधे वाळलेला कडुलिंबाचा पाला!

"भाऊसाहेब, हे काय?"

"कसर लागू नये म्हनून. समद्या दप्तराला घालतो की आमी."

मी कपाळाला हात लावला, पाला झटकला आणि एकेक फ्लॉपी लावली. सगळ्या चालल्या! रावसाहेबांनी केबिनच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली फ्लॉपी तेवढी बुरशी लागून बाद झाली. त्या दिवसापासून आमच्या एसी खोलीतही पाला आला, आणि मी त्यावर कुणालाही हसू दिलं नाही.

*

एक दिवस पत्र आलं. कॉम्प्युटरवर सरकार कसं चालवायचं ते शेजारच्या देशांनी एकमेकांकडून शिकायचं, असं वर कुठंतरी ठरलं होतं. नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंका, चारी देशांचे साहेब आमचं मशीन बघायला येणार!

पत्राच्या खाली एक ओळ होती. पाहणी समाधानकारक झाली नाही, तर मशीन दुसऱ्या तालुक्यात हलवण्यात येईल. म्हणजे मी परत रेकॉर्ड रूममध्ये, परत धुळीत. ती ओळ वाचली आणि मला एसीतसुद्धा धाप लागली.

रावसाहेबांनी रंगीत तालीम घेतली. चार खुर्च्या मांडल्या आणि कचेरीतली चार माणसं चार देश म्हणून बसवली. आमचा शिपाई काशिनाथ झाला भूतान. मी माहिती द्यायला तोंड उघडतो न उघडतो तोच काशिनाथनं हात वर केला.

"ह्ये मशीन आमच्या डोंगरात चालंल का? तितं लाईट हाय का न्हाई?"

"काशिनाथ, भूताननं मधे बोलायचं नाही!" रावसाहेब ओरडले.

"मंग मला श्रीलंका करा. ती लई येळची गप बसलीय."

*

आमचा खरा वैरी म्हणजे लोडशेडिंग. मशीनची बॅटरी कशीबशी दहा मिनिटं टिकायची. रावसाहेबांनी डोकं लढवलं: सबस्टेशनच्या वायरमनलाच पाहुण्यांच्या पंगतीला बसवायचं. आपल्यासमोर जेवायला बसलेला माणूस लाईट कशी घालवेल?

पाहणीच्या दिवशी वायरमन पवार इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि मासवडीवर आडवा हात मारायला लागला. शेजारी नेपाळचे साहेब. त्यांची हिंदी फर्डी, त्यामुळं निम्मी मराठीही कळायची. दोघांचं छान जमलं. पवारच्या पानात तिसरी मासवडी पडली आणि लाईट गेली.

"पवार!" रावसाहेब गरजले.

"साहेब, मी तर हितंच हाय!"

"तेच तर! मग आता जोडणार कोण?"

पवार तसाच उष्ट्या हातानं सायकलवर बसून सुटला. लाईट येईपर्यंत मी फक्त श्वास मोजत होतो. पंखा फिरला तेव्हा पंगतीनं असा सुस्कारा सोडला की श्रीलंकेचे साहेब दचकले.

*

आता खरी पाहणी. पाहुण्यांसोबत दिल्लीहून एक साहेब आले होते, मूळचे मद्रासचे, मराठी शून्य. मशीनचा फैसला त्यांच्या हातात.

श्रीलंकेच्या साहेबांनी विचारलं, कागदावरचं आणि मशीनमधलं तंतोतंत एकच आहे हे कशावरून? रास्त प्रश्न. बाहेर उताऱ्यासाठी पार्वताबाई बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं, त्यांचाच गट नंबर घातला. प्रिंटर करकरला, सातबारा बाहेर आला.

कागदावरचं वाचून दाखवायला त्यांच्या गावचे तलाठी म्हणून शेख भाऊसाहेब उभे होते, पण त्यांनी दप्तर उघडलंच नाही. डोळे मिटले आणि तोंडपाठ म्हणायला लागले: मालक, क्षेत्र, विहीर एक, पीक ज्वारी. मी प्रिंटवर बोट फिरवत पाहुण्यांना इंग्रजीत सांगत गेलो. अक्षराचा फरक नाही! टाळ्यांचा कडकडाट झाला. मला तर वाटलं, सुटलो.

पार्वताबाई टाळ्या थांबायची वाट बघत होत्या.

"भाऊसाहेब, पन ज्वारी कुटं हाय? चार वर्सं झाली, तितं लिंबाची बाग हाय की! तुमी बघाय आलाच न्हाई." आणि त्यांनी पिशवीतून पाच-सहा पिवळीधमक लिंबं काढून कीबोर्डशेजारी ठेवली.

भाऊसाहेबांनी डोळे उघडले नाहीत. रावसाहेब छताकडे बघायला लागले.

"ह्या बाई काय म्हणतायत?" दिल्लीच्या साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं. माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागली. खोटं बोलवेना, खरं सांगवेना.

तेवढ्यात नेपाळच्या साहेबांनी एक लिंबू उचललं, नाकाशी धरलं आणि अगदी गंभीरपणे इंग्रजीत सांगितलं, "बाई म्हणतायत, चार वर्षांत या नोंदीतलं एक अक्षरसुद्धा इकडचं तिकडं झालेलं नाही."

बाकीच्या तिन्ही देशांनी डायऱ्या उघडल्या आणि लिहून घेतलं. दिल्लीचे साहेब प्रसन्न हसले. "मशीन इथंच राहू द्या," म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो.

नेपाळचे साहेब लिंबू खिशात घालत माझ्याजवळ सरकले आणि कानाशी लागून म्हणाले, "हमारे यहाँ संतरे निकले थे."