भावजींचं ऑपरेशन

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका स्वतःवर खूश असलेला माणूस केळव्यापासून तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नसेल. भावजींची केळव्याला पानवेलींची वाडी होती. आपलं पान खाल्लं की खोकला जातो, असं ते खोकत खोकत सांगत. बोईसर स्टेशनात उतरलेल्या परक्या माणसाला त्याने विचारण्याआधीच ते रस्ता सांगत. एकोणीसशे साठच्या दशकात तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, तेव्हा खडक कुठे लागेल हे त्यांनी इंजिनियरला बोट रोखून दाखवलं. खडक काही लागला नाही. "खाली सरकला असंल," भावजी म्हणाले.

पंचेचाळिशीतच त्यांची लघवी अडायला लागली. पालघरच्या डॉक्टरांनी मागून बोट घालून तपासलं, तर आतली प्रोस्टेट ग्रंथी टणक लागली; त्यांनी मुंबईला जायला सांगितलं. ही तपासणी भावजींनी परतीच्या एसटीत कंडक्टरसकट सगळ्यांना हावभाव करून ऐकवली. बहीण तोंडावर पदर ओढून खिडकीबाहेर बघत राहिली.

मुंबईत तुकडा काढून तपासला, तो कॅन्सर निघाला. सर्जन म्हणाले, "हा म्हातारपणाचा आजार, तुमच्या वयात क्वचित दिसतो. अजून पसरलेला वाटत नाही. ग्रंथी काढली तर पुष्कळ जगाल. पण लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. आणि नवरा-बायकोचे संबंध बहुधा राहणार नाहीत."

सोबत गेलेला मी फरशीकडे बघू लागलो. भावजी म्हणाले, "मंग हिला विचारा, डॉक्टर. त्यात हिचापन वाटा हाय."

सर्जन गडबडले. असं सांगणारा पेशंट त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. बहिणीने मान वर केली नाही, पण आवाज स्पष्ट होता. "मानूस घरी येऊ दे. बाकीचं आमी बघू."

माणूस घरी आला. हसलं, शिंकलं की गळायचं. हसणं सोडणं भावजींना जमणारं नव्हतं, म्हणून त्यांनी धोतराच्या आत जुन्या लुगड्याच्या घड्या वाढवल्या. एका लग्नात ते पंगतीतून ओल्या धोतरानेच उठले आणि सगळ्यांना म्हणाले, "नळ दुरुस्त करून आनलाय, वायसर बसायचा हाय अजून." वर्षभरात गळती जवळजवळ थांबली. पण पंगतीतली ती गोष्ट सातपाटीच्या एका कोळ्याच्या कानावर गेली होती. तो वाडीत येऊन हळूच म्हणाला, "माजीपन लघवी अडते. घरात सांगाया लाज वाटते." भावजींनी त्याला दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या गाडीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसले.

डॉक्टरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र परत आली नाही. वाडीत पानं खुडताना एकदा भावजी आपण होऊन बोलले. "पयल्यांदा तोंड फिरवून निजायचो मी. मंग तुजी बहीन म्हनाली, तोंड इकडं करा, बोला कायतरी. तवापासून बोलतो. झोप लागंपर्यंत."

ते दुपारी ओट्यावर बसून बहिणीची वेणीही घालू लागले. त्या काळी असं करणारा नवरा मी पाहिला नव्हता. वेणी दर खेपेला वाकडी व्हायची, आणि आपल्यासारखी वेणी गावात कुणाला जमत नाही असं ते सांगायचे. बहीण आरशात बघायची, आणि ती वेणी तशीच ठेवून बाजाराला जायची.