नव्या डिस्कवर न आलेला फॉण्ट

वडिलांनी सांगितलेल्या आठवणींची एकसष्ट पानं माझ्या कॉम्प्युटरवर होती. ते एसटीत चालक होते; देऊळगाव राजा–जालना ही त्यांची नेहमीची गाडी. पानं टाइप झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. म्हणजे ही पानं पुन्हा सांगून घेता येणार नव्हती.

कॉम्प्युटर फार मंद चालायचा, म्हणून बाजारातल्या दुकानदाराकडून नवी डिस्क बसवून घेतली. प्रोग्रॅम, सेटिंग, फायली सगळं तिच्यावर आल्याचं त्याने दाखवलं. जुनी डिस्क पुसून टाकायला मीच सांगितलं.

घरी येऊन फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं होती. शेवटच्या पानापर्यंत तेच. मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तेच.

मी ज्या साप्ताहिकात टायपिंगचं काम केलं, तिथला मराठी फॉण्ट तिथल्याच एका ऑपरेटरने बदलून घेतला होता. एकेक मराठी अक्षर त्याच्या सोयीच्या इंग्रजी कळेवर बसवलेलं. वडिलांची पानंही मी त्यातच टाइप केलेली. फायली आल्या, तो फॉण्ट आला नाही. साप्ताहिक बंद पडलं आहे, ऑपरेटर हयात नाही. दुसरा कोणताही फॉण्ट लावला तरी शब्द जुळेनात. दुकानदाराला फोन केला.

"पुसून टाक म्हून तुम्हीच सांगतलं ना भाऊ," तो म्हणाला. "मले काय मालूम तुमची मराठी जगाहून वेगळी हाये?"

दुसऱ्या दिवशी पानं तशीच छापून घेतली. कीबोर्डवर बोटं ठेवली आणि कागदावरची इंग्रजी अक्षरं एकेक दाबत गेलो. त्याच कळांवर वीस वर्षं काढली होती. तिसऱ्या ओळीपासून बोटांना शब्द ओळखू येऊ लागले. ते वहीत उतरवत गेलो.

आठवडाभराने अकराव्या पानावर हे निघालं: "जालन्याच्या स्टँडवर गाडी दुसऱ्याच्या हवाली केली अन् घरी गेलोच नाही. चार दिवस तिथंच राह्यलो. वापस यायचं नाही, हेच डोक्यात होतं." पुढच्या वाक्यापासून घाटातल्या रस्त्याचं वर्णन सुरू होत होतं.

हे मी स्वतः टाइप केलं होतं. मला ते अजिबात आठवत नव्हतं. वडील समोर बसून हे सांगत होते, आणि मी बहुधा "पुढे?" एवढंच म्हटलं असेल.

वही घेऊन खाटेजवळ गेलो आणि ते वाचून दाखवलं. विचारलं, "काऊन, बाबा? काऊन नव्हतं यायचं वापस?"

मी वहीचं कोरं पान पुढे धरलं आणि त्यांच्या चालत्या हातात पेन दिलं. त्यांनी ते टोपण लावून मला परत केलं.