चूकभूक

छापखान्यात प्रूफं तपासण्यात चाळीस वर्षं गेली, त्यामुळे वेलांटीकाकांची नजर पक्की झाली होती आणि प्रार्थना मात्र कच्चीच राहिली होती. चर्चमध्ये सगळे त्यांना वेलांटीकाकाच म्हणत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की या माणसाला घास गोड लागत नसे. लग्नपत्रिका हातात पडली की आधी 'आशीर्वाद'मधला 'शी' दीर्घ आहे की नाही ते पाहणार आणि मग लग्न कोणाचं ते.

दर रविवारी तिसऱ्या बाकावर गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांपुढे प्रार्थनेच्या पत्रकातला सुटलेला स्वल्पविराम नाचू लागायचा. निवृत्त झाल्यावर हे फारच सलू लागलं. शेवटी एक दिवस ते फादरांकडे गेले.

"फादर, एवढी वर्षं येतोय, पण एकही प्रार्थना मनापासून झाली नाही हो. तोंड देवाशी बोलतं आणि डोकं अनुस्वार मोजतं. असाच वर गेलो तर तिथेही चुका काढत बसेन."

फादर खो खो हसले. "रोज स्तोत्राची एकच ओळ वाचा. पेन्सिल न घेता."

सांगायला काय जातं! काकांचा हात सवयीने कानामागे जायचाच. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, घरातल्या झाडून सगळ्या पेन्सिली पिठाच्या डब्यात लपवल्या. महिनाभर काका रोज एका ओळीसमोर बसले. ओळ शुद्ध निघायची आणि तिथेच संपायची. त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

अशात फादरांनी रविवारच्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेचं, पत्रक तपासायला पाठवलं. काकूंनी नाइलाजाने एक पेन्सिल झटकून हातात ठेवली. काकांनी पत्रक आपल्या जुन्या पद्धतीने तपासलं, म्हणजे शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. उलटं वाचलं की मन मजकुरात गुंतत नाही आणि एकेक शब्द सुटा, चोख दिसतो. "डोळ्यांत तेल घालून पाहिलंय," असं ठणकावून त्यांनी ते परत पाठवलं.

रविवारी चर्च भरलेलं होतं. फादरांनी पहिली विनंती म्हटली आणि सगळ्यांनी पत्रकात पाहून, दर विनंतीनंतर म्हणायचं ते ठरलेलं उत्तर खणखणीत दिलं, "हे प्रभू, आमची भूक पदरात घे!"

काकांनी झटकन पत्रक डोळ्यांजवळ धरलं. तिथे 'चूक' हवं होतं. उलटं वाचताना 'भूक' हा शब्द किती निर्दोष दिसला होता, दीर्घ उकारासकट! काकू कानाशी कुजबुजल्या, "अहो, हे तुम्ही तपासलंत?"

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या विनंतीला त्यांनी तोंडच उघडलं नाही. तिसऱ्या वेळी म्हणावंच लागलं, कारण फादर नेमके त्यांच्याकडेच बघत होते. आणि म्हणता म्हणता ते शब्द त्यांना पहिल्यांदाच ऐकू आले. देवापुढे त्यांनी आजवर चुकाच तर नेल्या होत्या, थोड्या स्वतःच्या आणि बऱ्याचशा लोकांच्या. आपल्याला देव हवाय, पोटात कावळे ओरडावेत इतका हवाय, हे त्याला कधी सांगितलंच नव्हतं. चौथ्या वेळी काका इतक्या जोरात म्हणाले की पुढच्या बाकावरचं बाळ दचकून रडू लागलं.

मिस्सा संपल्यावर ते फादरांपुढे मान खाली घालून उभे राहिले. "माझ्या नजरेतून सुटलं. पुढच्या रविवारी दुरुस्त करून देतो."

"द्या की," फादर हसू दाबत म्हणाले. "पण मला जरा वाईटच वाटेल हं."

काकांनी दुरुस्त करून दिलं. बरोबर ते बरोबर. पुढच्या रविवारी 'चूक' ठळक आणि शुद्ध छापून आली. सगळं चर्च एका सुरात म्हणालं, "आमची चूक पदरात घे." तिसऱ्या बाकावर मात्र एक म्हातारा आवाज डोळे मिटून म्हणाला, "भूक." काकूंनी वळून पाहिलं. नवऱ्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो चक्क हसत होता. पुढच्या विनंतीला काकूंनी आपलं पत्रक घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि त्याच्याबरोबर तीच चूक केली.