आतोबांची जन्मवेळ

आमच्या आतोबांइतका दुसऱ्याविषयी ठामपणे आणि स्वतःविषयी अंदाजपंचे बोलणारा माणूस कोल्हापुरात तर सोडाच, पार कागलपासून राधानगरीपर्यंत सापडला नसता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. संस्थान विलीन झालं त्या सुमारास मला कोल्हापुरात नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडे राहायला गेलो. ते कचेरीत कारकून होते, पण ते आपलं पोटापुरतं. खरा उद्योग पत्रिका बघण्याचा, आणि तोही फुकट, त्यामुळे कुणाला नको म्हणायचीही सोय नाही. कुणी पत्ता विचारायला दारात आला तरी हे त्याची जन्मवेळ विचारत. संस्थान का गेलं, तर शनीमुळे. आमटी का बिघडली, तर आत्याच्या मंगळामुळे. आत्याने मीठ दोनदा घातलं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण मंगळापुढे माझं कोण ऐकतंय.

"पत्रिकेत मुख्य गोष्टी तीन," जेवताना ते मला शिकवत. "रवी म्हणजे घराचा कर्ता. जन्मताना सूर्य ज्या राशीत, तसा माणसाचा ताठा. चंद्र म्हणजे घरातली बाई, म्हणजे आपलं मन. लोक रास रास म्हणतात ती चंद्राची. आणि लग्न म्हणजे घराचं दार, जन्मताना पूर्वेला जी रास उगवत असते ती. दार कळल्याशिवाय आत शिरणार कुठून?" एवढं सगळं सांगणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचं दारच ठाऊक नव्हतं. जन्म कुरुंदवाडला, आजोळी, मार्गशीर्ष शुद्ध दशमीचा, एवढं पक्कं. म्हणून रवी वृश्चिकेत आणि चंद्र मीनेत. पण लग्न साधारण दर दोन तासांनी बदलतं, आणि जन्मवेळ कुणी टिपलीच नव्हती. आई बाळंतपणात गेली, वडिलांनी दुसरा संसार मांडला, आणि त्या दिवसाबद्दल घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. आपली जन्मवेळ कळावी, हा एकच ध्यास या माणसाने उभा जन्म घेतला होता.

बरं, कळत नाही तर गप्प बसावं की नाही? छे. हे बारा लग्नं एकेक करून अंगाला लावून बघत, दुकानात सदरा घालून बघावा तशी. मेष लग्न चालू असलं की चहा थंड आहे म्हणून कपबशी अंगणात. कर्क लग्नात तीच कपबशी हातात घेऊन डोळ्यांत पाणी, "किती जिवानं करतेस गं तू चहा." कन्या लग्नाच्या महिन्यात तांदळात खडा आहे का हे ते चष्मा लावून बघत आणि तो सापडेपर्यंत कुणाला जेवू देत नसत. सिंह लग्न तर विचारूच नका. कचेरीत साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसले आणि साहेब आले तरी उठेनात. नोकरी कशी टिकली ते त्यांच्या ग्रहांनाच माहीत. दारात म्हैस आणून दूध काढून देणारा आमचा गवळी आधी उंबऱ्यातूनच अंदाज घ्यायचा, "मालक, ह्या म्हैन्यात कोन हायसा?" उत्तर ऐकून मगच तो भाव बोले. आत्या म्हणायची, "पदर एकाशी बांधला आणि संसार बारा जणांशी करतेय मी." मी तोंडावर सांगत असे, "आतोबा, लग्न कुठलंही असू दे, तुम्ही विक्षिप्तच आहात." ते शांतपणे म्हणत, "तुझा बुध बिघडलाय."

एकदा कुरुंदवाडचे एक पाव्हणे मुलीची पत्रिका घेऊन आले आणि बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या आजोळची सुईण अजून हाय की. पार म्हातारी झालीया." आतोबांनी त्यांच्या मुलीची पत्रिका न बघताच परत दिली. पुढच्या रविवारी मला साक्षीला घेऊन ते मोटारीत बसले. वाटभर प्रश्नांची उजळणी: गुरं रानात गेली होती का, सावली कुठे होती, दिवा लागला होता का. मी मनात म्हटलं, आता ही म्हातारी एखादी वेळ ठोकून देणार आणि आम्ही जन्मभर ती भोगणार.

म्हातारी ओट्यावर वाकळेवर बसली होती. डोळे गेलेले, आवाज मात्र खणखणीत. आतोबांनी ओळख सांगितली आणि लगेच विचारलं, "मावशी, दिवा लागला होता का हो तेव्हा?"

"दिवा दिवसभर जळत हुता. बाळंतिणीच्या खोलीत उजेड कुठला?"

"गुरं? गुरं परतली होती का?"

"मी गुरं बघू का तुझी आय बघू?" म्हातारी कडाडली. "तिचं रगत थांबंना झालतं. आमी चौघी बाया तिला धरून बसलेलो. येळ कोन बघतंय लेकरा?"

आतोबा ओट्याच्या कडेला टेकले, आणि पत्रिकेतला नव्हे असा पहिलाच प्रश्न त्यांच्या तोंडून आला. "तिनं मला बघितलं का?"

"बघितलं की. मांडीव घेतलं. म्हनली, कान माझ्या बाचं घिऊन आलंय. हसली बी. मग गेली. तुला कुनी सांगितलं न्हाय व्हय?"

आतोबांनी मान हलवली. म्हातारीला ते दिसलं नसणार, पण तिने हात पुढे करून त्यांचा चेहरा चाचपला. ते लहान मुलासारखे समोर वाकून बसले. गेली दोन वर्षं ज्याची मी टिंगल केली तो माणूस मला एकदम फार आवडला.

परतीच्या मोटारीत लग्नाचा विषय निघाला नाही. शिरोळ मागे पडलं तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बघ रे, माझे कान काही वेगळे दिसतात का?" त्यांनी विचारलं. कान होते तसेच होते, चारचौघांसारखे. मी नीट निरखून बघितलं आणि म्हटलं, "वेगळे आहेत, आतोबा. तुमच्या आजोबांचेच असणार."

"असणार," ते म्हणाले, आणि कोल्हापूर येईपर्यंत त्यांनी टोपी घातली नाही.